आरशात बघून काढलेलं तोंड

पोर उसात शिरली आन् मी हाका मारायला लागले, तर जसजशी मी हाक मारीन तसतशी ती आत आत जायाला लागली. मी "ये गं बाय, ये माज्याकडं" म्हणलं की पाल्याची सळसळ आजून लांबनं यायची. ऊस माज्या डोक्याच्या वर गेल्याला. भर दुपार, वारं न्हाई, सगळा फड गप उभा आन् त्यातली एकच सरी हालतीय. मागच्याच म्हैन्यात त्याच फडाच्या बांधाला बिबट्याचं ठसं दिसल्यालं, सगळ्या गावानं मोबाइलवर बघितल्यालं. आन् माजी पोर सा वर्साची, अंगात नवा परकर, पायात कायबी न्हाई, ती बिबट्याला भिऊन पळत न्हवती, ती मला भिऊन पळत हुती.

फडाच्या तोंडाशी तिनं एकदाच मागं वळून बघितलं. तसं बघणं म्या कुठल्याच लेकराच्या डोळ्यात बघितलं न्हाई. तिला वाटलं हुतं मी मेलीय, आन् मेल्याली बाई तिला हाका मारतीय.

हे कसं झालं ते सांगते. सांगतानाबी दम लागतो, मागंपुढं झालं तर समजून घ्या.

मी मानदेशातली. आमच्याकडं पाऊस कमी, शेरडं जास्ती. सातवीपतोर शाळा झाली, मग शेरडामागं. लगीन होऊन हिकडं सांगलीकडं नदीकाठाला आले, तवा हिरवागार ऊस बघून आदी मी भ्यालेच हुते, ह्याच्या पलीकडचं कायबी दिसत न्हाई म्हणून. मालक मिलट्रीत, वर्साला सुट्टीवर येत्यात. त्यांची पयली बायकू तापात गेल्याली. पोर तवा नुसती बसायला लागल्याली. मी आले तवा ती धरून धरून चालायची. चौथ्या का पाचव्या दिवशी माज्या पदराला धरून "आई" म्हणली, आन् मग कुणी तिला सांगितलंच न्हाई. आत्तींनीच, म्हंजी माज्या सासूनं, सांगितलं की पोर न्हान हाय, कशाला डोक्यात घालायचं, मोठी झाल्यावर बघू. मलाबी तेच पायजे हुतं. माज्या पोटाला अजून कायबी न्हाई. तिनं आई म्हणलं म्हणून मी आई हाय, दुसरं माज्याकडं काय हाय.

पयलीचा फोटू घरात एकबी न्हवता. मी यायच्या आदी महापुरात पाणी माळ्यापतोर चढल्यालं, ट्रंक गेली, भितीवरचं फोटू गेलं. मालकांच्या मोबाइलमदी हुतं ते मोबाइल पाण्यात गेला तवा गेलं. बैठकीच्या भितीला तिच्या फोटूचा खिळा तेवढा ऱ्हायला. आन् माज्या गळ्यात तिचा टाक. आमच्यात दुसरेपणाची बाई आली की तिच्या गळ्यात पयलीचा चांदीचा टाक घालत्यात, बारका, नखाएवढा, काळ्या दोऱ्यात. नवं लुगडं नेसायचं तर आदी टाकाला लावायचं, मग अंगाला. म्हंजी तिची नदर लागत न्हाई. त्या टाकावर बाईचं तोंड असतं, पर ते कुणाचंच नसतं, सोनार एकाच ठशानं सगळ्या सवती काढतो. पोरीनं इचारलं हे काय, तर म्या सांगितलं देव हाय.

आता चित्राचं. पोर पयलीच्या वर्गात गेली आन् शाळेतल्या बाई चित्रं काढून आणायला सांगायला लागल्या. म्या हत्ती काढून दिला. पोरीनं बराच येळ बघितलं आन् म्हणली, आई, ह्येला शिंगं काढ, म्हंजी म्हस तरी हुईल. आत्ती पोट धरून हसल्या. मला लय लाज वाटली. म्हणलं आपुन शिकायचं. मोबाइलवर एक मास्तर हाय, हिंदीत बोलतो, पयल्यापास्नं शिकवतो. पोर शाळेत गेली, भांडी झाली, की मी दार लोटून घेऊन बसायचे.

त्यो म्हणायचा, पेनशील मागनं धरा, सैल धरा. रेघ बोटांनी वडू नका, खांद्यापास्नं हात हालू द्या. ते मला लगेच जमलं, सारवताना हात फिरतो तसंच ते. पर गोल काय जमंना. रोज इतक्या भाकरी थापते, एकबी वाकडी येत न्हाई, आन् कागदावर गोल काढला की त्यो बटाटा व्हायाचा. पानंच्या पानं बटाटं काढलं. मग सावली. एक कांदा ठेवायचा, एका बाजूनं बॅटरी लावायची. उजेड कुठं पडलाय, अंधार कुठं हाय, आन् कांद्याची सावली खाली कशी पडलीय, ते डोळं बारीक करून बघायचं. मास्तर म्हणायचा, सावली वस्तूला खालनं चिकटली न्हाई तर ती वस्तू जमिनीवर बसत न्हाई, तरंगती. माजा कांदा तरंगायचाच. मला कसंतरी व्हायाचं, कारण आमच्या मानात म्हातारी माणसं सांगायची, ज्याची सावली जमिनीला लागत न्हाई त्यो आपल्यातला न्हाई.

मग त्यानं एक असं शिकवलं की माजी झोपच गेली. कप काढायचा तर कप काढू नका म्हणला, कपाच्या कानातली रिकामी जागा हाय ना, ती काढा. तिचा आकार बघा, कप आपोआप येतो. खरंच आला. पर त्या दिवसापास्नं मला घरात सगळीकडं रिकाम्या जागाच दिसायला लागल्या. दोन हंड्यांच्या मधली. दाराची फट. आत्ती चुलीम्होरं बसल्या की त्यांच्या कुशीला एक जागा रिकामी ऱ्हायची, बाजूला कुणीतरी बसणार असल्यागत. त्या कायम थोड्या सरकूनच बसायच्या. पाच वर्सं मी त्या घरात वावरत हुते, मला ते कवा दिसलं न्हवतं.

तोंडाचा धडा आला तवा कळलं की मी सगळी माणसं चुकीची बघत हुते. मला वाटायचं डोळं डोक्याच्या वरच्या अंगाला असत्यात. तर न्हाई, डोळं बरोबर मधी. अंडं काढायचं, मधी आडवी रेघ, तिच्यावर डोळं. पर त्यो म्हणला आदी नुसती अंडी काढा, रेघा मारा, डोळं येवड्यात नको. तर म्या एका मोठ्या कागदावर अशी बिनडोळ्यांची तोंडं वळीनं काढली, ह्या बाजूला वळल्याली, त्या बाजूला वळल्याली, खाली बघणारी. आत्तींनी कागद बघितला आन् त्यांनी देवापुढचा अंगारा आणून त्याच्यावर टाकला. म्हणल्या डोळं तरी काढ, न्हाईतर चुलीत घाल, असली तोंडं उघडी टाकू नकू, कुणीबी येऊन बसंल त्यात.

मी हसले तवा.

डोळ्यांचा धडा म्हंजी खऱ्या माणसाला म्होरं बसवून काढायचं. पेनशील हात लांब करून धरायची, एक डोळा झाकायचा, आन् मोजायचं, नाकापास्नं हनवटीपतोर किती, डोळ्याडोळ्यात किती. म्होरं बसायला कुणाला येळ हाय. मास्तर म्हणला कुणी नसंल तर आरसा घ्या, आपलंच तोंड काढा. आन् जे म्हाईत हाय ते काढू नका, जे दिसतंय ते काढा. हे तर त्यो रोजच म्हणायचा.

त्या दिवशी पोरीला सुट्टी हुती. ती माज्या म्होरं बसून फळीवर आपलं चित्र काढत हुती, मदीमदी वाकून माजं बघत हुती. म्या आरसा पाट्यावर टेकवल्याला. लय येळ आरशात बघितलं की आपलं तोंड आपलं ऱ्हात न्हाई. नाक कुणाचं तरी वाटतं, डोळं कुणाचं तरी. पेनशीलचं माप घेताना मी एक डोळा झाकत हुते आन् ती आरशातली बाईबी झाकत हुती, पर मला वाटायचं ती जरा मागनं झाकतीय. म्या खाली मान घालून काढतच ऱ्हायले. गालावरचा तीळ काढला तवा पोर म्हणली चुकलं. माज्या गालाला बोट लावलं, कागदाला लावलं, म्हणली तुजा ह्या बाजूला हाय, हिचा त्या बाजूला. तीळ माज्या डाव्या गालावर. पर मला आरशात जिथं दिसला तिथंच काढला, मास्तर म्हणल्याला दिसतंय तेच काढा. आरसा बाजू फिरवतो हे त्यानं सांगितलं न्हवतं, का सांगितलं आसंल आन् हिंदी मला समजलं नसंल.

झालं तवा बघितलं तर ती मी न्हवते. नाक जरा लांब झाल्यालं. ओठ घट्ट मिटल्यालं, कारण काढताना मी मिटून बसले हुते. पोर म्हणली, आई तू रागावलीस का गं ह्याच्यात. पर तोंड माजंच हाय असं ती म्हणायची, तिच्याम्होरंच काढल्यालं ना.

सांजच्याला आत्ती धार काढून आल्या. कागद बाजंवर पडल्याला. त्यांच्या हातात चरवी हुती, ती त्यांनी ठेवली न्हाई, तशीच धरून उभ्या ऱ्हायल्या. दुधाचा फेस हळूहळू खाली बसला, तरी बघतच हुत्या. मग अगदी हळू बोलल्या.

"ही तुला कुठं भेटली?"

म्या म्हणलं, "आत्ती, कुणी भेटलं न्हाई. आरशात बघून काढलंय, माजंच हाय."

"तुजा तीळ डावा. तिचा उजवा हुता." त्यांनी चरवी खाली ठेवली, ओला हात लुगड्याला पुसला आन् माज्या हनवटीला धरून तोंड उजेडाकडं केलं. "तुज्या तोंडात ती दिसली म्हणून तर मागणी घातली, पोरी. न्हाईतर एवढ्या लांब मानात कशाला आलो असतो आमी."

मला बघायला आल्याल्या त्या दिवशीचं सगळं आठवलं. आत्ती नुसत्या माज्या तोंडाकडं बघत हुत्या. माजी आई म्हणली हुती, सासू चांगली हाय, पोरीवर लय जीव दिसतोय. त्या बघत कुणाला हुत्या ते आत्ता कळलं. त्या रात्री मी आरसा पालथा घातला. अजून मी केस इंचरताना त्यात नीट बघत न्हाई.

कागद आत्तींनी घडी न घालता नेला. तालुक्याला जाऊन काच बसवून आणला. मला म्हणल्या, पितरात नवमी हाय, औंदा तिला तिच्या तोंडाम्होरं जेवायला वाढीन. नवरा जिता असताना गेल्याल्या बाईची ती नवमी असती, तिला अहेव नवमी म्हणत्यात. सवाष्ण जेवू घालायची, लुगडं, बांगड्या द्यायच्या. आत्ती म्हणल्या सवाष्ण म्हणून तूच बस. मला न्हाई म्हणता आलं न्हाई. मालकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणलं आईला करू दे, तिला बरं वाटंल.

त्या दिवशी नणंद आल्याली. पुरणाचा सैपाक झाला. आत्तींनी मला हिरवं लुगडं दिलं, म्या आदी टाकाला लावलं मग नेसले. माज्या कपाळाला त्यांनी मळवट भरला, आन् तसाच काचंवर, चित्रातल्या कपाळावर भरला. फोटू त्या रिकाम्या खिळ्याला टांगला, झेंडूचा हार घातला, दिवा लावला. मग सगळी कावळ्याला घास ठेवायला माडीवर गेली. मी हात धुवायला मोरीत गेले. आन् पोर मधल्या सुट्टीची शाळंतनं घरी आली.

मी मागनं आले तवा ती फोटूम्होरं उभी हुती. चारच दिवसांखाली शेजारचं आजोबा गेल्यालं, त्यांच्या फोटूला हार बघून तिनं इचारल्यालं, तवा म्याच सांगितल्यालं की हार घातला म्हंजी माणूस देवाघरी गेलं. तिनं फोटूकडं बघितलं, वळून माज्याकडं बघितलं. हिरवं लुगडं, मळवट. परत फोटूकडं.

"हार कवा घातला तुला?" ती म्हणली.

ही मी न्हवं म्हणावं तर मग कोण, असं ती इचारणार. म्हणून म्या नुसता तिचा हात धरला. माजा हात मोरीतल्या पाण्यानं गारठल्याला.

"तू गार हायीस," ती म्हणली, आन् हात वडून घेतला. एक एक पाऊल मागं गेली, भितीला टेकली, मग मागच्या दारानं गोठ्यातनं पळाली. म्या पदर खोचून मागनं. गोठ्याच्या मागं सरळ ऊसच लागतो.

तर तिथं मी हुते, उसाच्या तोंडाला. हाका मारायचं बंद केलं, कारण माज्या हाकंनंच ती आत जात हुती. बंद केल्यावर सळसळबी थांबली. ते गप हुणं लय वाईट. आत कुठंतरी ती बसल्याली, आन् मला वाटायचं आजून काय काय बसलंय तिथं. आत्ती आल्या, दम लागल्याला. नणंद माणसं बोलवायला गावात पळाली, पर माणसं काठ्या घेऊन, डबं बडवत शिरली तर पोर आजून भिऊन कुठं जाईल. आत्तींनी हाक मारली. आतनं आवाज आला, लांबनं, बारीक.

"आजे, ती हाय का तिथं?"

ती म्हंजी मी.

आत्ती म्हणल्या हाय. मग आतनं पोर म्हणली, "तिला जायाला सांग. मग मी येते."

आत्तींनी माज्याकडं बघितलं. मी जाऊ शकत हुते. चार पावलं मागं, गोठ्याच्या आड, एवढंच. पोर बाहेर आली असती, आजीच्या कमरेला मिठी मारली असती, जिवाला धोका न्हाई. पर मग सांजच्याला मी घरात यायची कशी. तिच्या ताटात वाढायची कशी. ज्या बाईला जा म्हणलं आन् गेली, ती खरीच मेल्याली असती, न्हाई का. आत्ती माज्या कानाशी आल्या आन् हळू म्हणल्या, सांगून टाक तिला, फोटूतली तू न्हाईस म्हण, तिची आई हाय म्हण. म्या म्हणलं तुमी सांगा. त्या म्हणल्या, ती भ्यालीय तुला, तूच सांगाय पायजे.

पाला एकदा हालला, पोर हुती तिथं न्हाई, पलीकडच्या अंगाला. वारं न्हवतं. आत्तींनीबी ते बघितलं, त्यांनी माजा दंड धरला.

मग म्या सांगितलं. मोठ्यानं, उसाकडं तोंड करून. "फोटूतली मी न्हवं. मी जिती हाय. फोटूतली तुजी आई हाय, तुला जलम दिल्याली, ती देवाघरी गेली, तू न्हान हुतीस तवा." हे म्हणताना मला म्हाईत हुतं की त्या कागदावरची एक एक रेघ म्या माज्याच तोंडाची काढलीय. तरी मला ते खोटं वाटलं न्हाई, हेच मला अजून कळत न्हाई.

मग सरीतनं ती आली. गालावर, हातावर उसाच्या पानांनी चिरल्याल्या बारीक बारीक रेघा, त्यातनं रक्त आल्यालं. रडत न्हवती. माज्यापास्नं थोडी लांबच थांबली. माज्या पायाकडं बघितलं, मग वर बघत बघत तोंडापतोर आली, सावकाश, जशी कुणी परकी बाई दारात आल्यावर बघावं.

"मग तू कोण?" ती म्हणली.

नणंद माणसं घेऊन आली, काठ्या वाजल्या, सगळी बोलायला लागली, आन् ते तसंच ऱ्हायलं. म्या तिला उचललं, तिनं उचलू दिलं. हळद लावली, लावू दिली. फोटू खिळ्यालाच हाय, आत्ती काढू देत न्हाईत आन् मीबी काढा म्हणत न्हाई. पोर शाळंत जाती, जेवती, माज्याच शेजारी झोपती. पर मला हाक मारत न्हाई. दूध पायजे तर "दूध" म्हणती, वेणी घालायची तर म्होरं येऊन पाठ करून बसती. आई म्हणत न्हाई, दुसरं कायबी म्हणत न्हाई. आन् मदीच कवातरी, मी भाकरी थापत असताना, मागं येऊन उभी ऱ्हाती, मला कळतं ती वाट बघतीय उत्तराची.

तुमी लेकराबाळांच्या बाया असाल, शिकल्याल्या असाल, म्हणून इचारते. तुमी त्या उसाम्होरं असता तर काय केलं असतं? गोठ्याच्या आड गेला असता का? का माज्यागत सांगून बसला असता? आन् सांगून बसल्यावर, ती म्होरं उभी ऱ्हाऊन इचारत असताना, मग तू कोण, तर तुमी काय म्हणला असता?